वर्गातला रिमोट माईक: श्रवणयंत्र असूनही तो कशाला लागतो?

श्रवणयंत्र लावलं की सगळं नीट ऐकू येतं, असं मलाही वाटायचं. माझी भाची तिसरीत आहे, तिच्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत. ऑडिओलॉजिस्टने वर्गासाठी रिमोट माईक घ्यायला सांगितला. बाईंनी तो दोन दिवस लावला आणि मग टेबलाच्या खणात ठेवून दिला. "हाक मारली की ती लगेच बघते, मग हे कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र ताईकडेही नव्हतं आणि माझ्याकडेही.

आधी हे काय असतं ते बघू. शिक्षकांच्या कॉलरला किंवा गळ्यात छोटा माईक, मुलाच्या यंत्राला जोडलेला रिसीव्हर आणि दोघांमध्ये रेडिओ लहरी. पूर्वी एफएम असायचं, आता बऱ्याच सिस्टिम २.४ गिगाहर्ट्झवर डिजिटल चालतात. म्हणजे बाई फळ्यापाशी असल्या तरी त्यांचा आवाज तोंडापासून वीतभर अंतरावरच पकडला जातो.

याचं कारण साधं फिजिक्स आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. १ मीटरवरून ४ मीटरवर गेलात की १२ डेसिबल गेले. पंखा मात्र डोक्यावरच फिरतोय. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे घट थोडी कमी होते, पण शब्द एकमेकांत मिसळतात. श्रवणयंत्र बाईंचा आवाज वाढवतं, तसाच पंख्याचा आणि बाक सरकवल्याचाही वाढवतं. आता यंत्रांत गोंगाट कमी करायची सोय असते, पण अंतर तिला मिटवता येत नाही. म्हणूनच अमेरिकेतली ऑडिओलॉजिस्टची संघटना आशा म्हणते, की वर्गात बोलणं गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबल वर हवं.

हे नुसतं गणित नाही. फिनित्झो-हीबर आणि टिलमन यांनी १९७८ मध्ये मुलांना वेगवेगळ्या परिस्थितीत शब्द ऐकवले. आवाज विरायला ०.४ सेकंद लागतात आणि बोलणं गोंगाटाच्या १२ डेसिबल वर आहे, अशा बऱ्यापैकी खोलीत नीट ऐकू येणाऱ्या मुलांनी सुमारे ८३ टक्के शब्द ओळखले, यंत्रवाल्या मुलांनी ६०. आवाज विरायला १.२ सेकंद आणि गोंगाट बोलण्याइतकाच, असं केल्यावर आकडे झाले सुमारे ३० आणि ११. अभ्यास जुना आहे, मुलंही मोजकीच होती आणि यंत्रं तेव्हापासून खूप सुधारली आहेत. त्यामुळे हे आकडे आजच्या मुलाला जसेच्या तसे लावू नका. पण फरशी, उघड्या खिडक्या आणि पंखे आपल्या वर्गांत अजून आहेतच.

आता माझी चूक. मी पबमेडवर शोधून एका पेपरची पीडीएफ ताईला पाठवली, तिने ती बाईंना व्हॉट्सअॅप केली. निळ्या टिक आल्या, पुढे काही नाही. चाळीस मुलांच्या वह्या तपासणारं माणूस इंग्रजी पेपर कधी वाचणार?

मग बाईंच्या परवानगीने शनिवारी रिकाम्या वर्गात पंखे लावून फोनवर दोन रेकॉर्डिंग केली. त्या फळ्यापाशी तेच वाक्य दोनदा बोलल्या. एकदा फोन त्यांच्याजवळ, एकदा शेवटच्या बाकावर. (फोन लांबचा आवाज आपोआप वाढवतो, त्याला ऑटोमॅटिक गेन म्हणतात. मला वाटलं, याने प्रयोग बिघडेल. उलट पंख्याची घरघरही वाढली, आणि यंत्रात नेमकं काय होतं ते कळलं.) दुसरं रेकॉर्डिंग बाईंनी दोनदा ऐकलं. सोमवारी माईक खणातून बाहेर आला.

हाक ओळखणं आणि नवा शब्द ऐकणं यांत फरक आहे, हे सांगायला आम्ही मराठीत एक पान केलं. वर ते दोन आकडे, अभ्यास जुना असल्याचं स्पष्ट लिहून. खाली चार कामाच्या गोष्टी: माईक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटरवर लावा, दुसऱ्या मुलाशी खाजगी बोलताना किंवा स्टाफरूममध्ये जाताना म्यूट करा, नाहीतर सगळं हिच्या कानात जातं, सकाळी एकदा चार्जिंग बघा आणि आवाज पोचतोय का ते तिलाच विचारा, दुसरं मूल उत्तर देताना माईक त्याच्याकडे द्या किंवा उत्तर स्वतः परत बोला. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. मग मुलाला बाई ऐकू येतात, पण वर्ग ऐकू येत नाही.

"फोनवर अॅप नाही का?" असं बरेच जण विचारतात. आयफोनमध्ये लाइव्ह लिसन आहे, अँड्रॉइडवर साउंड अॅम्प्लिफायर आणि बोलणं लिहून दाखवणारं लाइव्ह ट्रान्सक्राइब. घरी किंवा शिकवणीत वापरून बघायला हरकत नाही. पण ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचला की ओठ आणि शब्द जुळत नाहीत, शिवाय टेबलावर ठेवलेला फोन परत लांबचा माईकच झाला. माईक घ्यायच्या आधी तो मुलाच्या यंत्राला जोडता येतो का, हे ऑडिओलॉजिस्टला मॉडेल दाखवून विचारा. सगळे सगळ्यांना जोडता येत नाहीत.