शेतावरील कुत्र्याचे पिल्लू : लसीकरण व सवयी

राखणीसाठी पिल्लू आणले असेल, तर पहिल्या चार महिन्यांत पुढील काळजी घ्या.

जंतनाशक : दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत दर 15 दिवसांनी. मात्रा वजनानुसार पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.

पार्व्हो, डिस्टेंपर : पहिली लस 6 ते 8 आठवड्यांत, 16 आठवड्यांपर्यंत दर 3 ते 4 आठवड्यांनी पुन्हा. उलट्या किंवा रक्ताची हगवण झाल्यास त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

रेबीज : तिसऱ्या महिन्यात, पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने.

सवयी : याच वयात माणसे, गुरे, ट्रॅक्टरचा आवाज यांची सवय लावा. मारू नका; हाकेला आल्यास लगेच भाकरीचा तुकडा द्या.

पिल्लाचा दात लागल्यास ‘लहान आहे’ म्हणून दुर्लक्ष करू नका. जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही.