‘स्वीटेस्ट’चं कूळ

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या माणसाच्या डोक्यात दोन तक्ते कायमचे बसलेले असतात. एक क्रियापदांच्या तीन रूपांचा आणि दुसरा ‘डिग्री’चा: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. दोन्ही तक्ते घोकून घेतले जातात. ‘वॉज’चं अनेकवचन ‘वेअर’ का होतं आणि विशेषणाला ‘-अर’ आणि ‘-एस्ट’ हेच का लागतात, असं कुणी विचारलं तर ‘ते तसंच असतं’ असं सांगून फळा पुसला जातो. मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. या दोन तक्त्यांचं मूळ एका ठिकाणी येऊन मिळतं, आणि ते शोधताना वेदपाठकांनी जपलेले स्वर कामी आले आहेत.

आधी डिग्रीचं बघू. मराठी व्याकरणात तिला ‘तरतमभाव’ म्हणतात, आणि हे नाव ‘तर’ आणि ‘तम’ या दोन संस्कृत प्रत्ययांवरूनच पडलं आहे. पाणिनीनं पाचव्या अध्यायात तुलनेच्या प्रत्ययांच्या दोन जोड्या सांगितल्या आहेत. ‘तर-तम’ ही त्यांतली एक, ‘ईयस्-इष्ठ’ ही दुसरी. म्हणून ‘लघु’ची लघुतर, लघुतम अशीही रूपं होतात आणि लघीयस्, लघिष्ठ अशीही. दुसरी जोडी जास्त जुन्या वळणाची. मराठीत तिच्यातलं ‘इष्ठ’ तेवढं उरलं: ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ. हे शब्द मुळात ‘सुपरलेटिव्ह’ आहेत हे बोलताना आपल्या ध्यानातही येत नाही.

आता ‘स्वादु’ म्हणजे गोड हा शब्द घ्या. त्याची रूपं स्वादीयस् आणि स्वादिष्ठ. (मराठीत आपण ‘स्वादिष्ट’ लिहितो, पण मूळ संस्कृत रूपात ‘ठ’ आहे.) याच्याशेजारी इंग्रजीतली स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट ही रूपं ठेवून पाहा. स्वीट आणि स्वादु एकाच धातूतून आलेले आहेत. ‘-एस्ट’ आणि ‘-इष्ठ’ हा एकच प्रत्यय आहे. ग्रीकमध्ये त्याचं रूप ‘-इस्तोस्’ असं होतं. म्हणजे ‘स्वीटेस्ट’ आणि ‘स्वादिष्ठ’ हे धातू आणि प्रत्यय अशा दोन्ही बाजूंनी सख्खे आहेत. तर-तमचा ‘तर’सुद्धा इंग्रजीत आहे, फक्त विशेषणांत नाही. ‘व्हेदर’ हा शब्द म्हणजे संस्कृत ‘कतर’, दोघांपैकी कोणता.

हे नातं एका दिवसात उलगडलं नाही. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका उगमातून आल्या असाव्यात असं सांगितलं. १८१६ मध्ये जर्मनीच्या फ्रान्झ बॉपनं संस्कृतची क्रियापदं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक क्रियापदांशी ताडून पाहिली. याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये जर्मानिक भाषांतली व्यंजनं कशी सरकली याचे नियम मांडले. उदाहरणार्थ, संस्कृतात जिथे ‘त’ तिथे जर्मानिकमध्ये ‘थ’. ‘भ्रातृ’ आणि ‘ब्रदर’ या जोडीत तो नियम चोख लागू पडतो. पण ‘पितृ’मध्ये अडतो, कारण जुन्या इंग्रजीत ‘फादर’ला ‘थ’ नव्हता, ‘ड’ होता. आजचा उच्चार नंतरचा. तसंच ‘स’चं. काही ठिकाणी तो ‘स’च राहिला आणि काही ठिकाणी त्याचा ‘र’ झाला. ‘-ईयस्’मध्ये ‘स’ असताना इंग्रजीत ‘-अर’ का, आणि ‘वॉज’मध्ये ‘स’ असताना ‘वेअर’मध्ये ‘र’ का? पन्नास वर्षं हे अपवाद तसेच पडून होते.

ते सोडवले कार्ल व्हर्नर या डेन्मार्कच्या तरुणानं. त्यानं पुढे सांगितलेली हकिकत अशी की, दुपारी झोप यावी म्हणून त्यानं बॉपचं जाडजूड तुलनात्मक व्याकरण हातात घेतलं, आणि उघडलेल्या पानावर ‘पितृ’ आणि ‘भ्रातृ’ ही रूपं स्वरचिन्हांसह समोर आली. ‘भ्राता’मध्ये उदात्त, म्हणजे उंच उच्चारायचा स्वर, पहिल्या अक्षरावर आहे, ‘पिता’मध्ये शेवटच्या. व्हर्नरनं हा फरक जर्मानिक शब्दांना लावून पाहिला आणि एकेक अपवाद सुटत गेला. १८७७ मध्ये त्याचा लेख छापून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्यंजनाच्या लगेच आधीच्या अक्षरावर आघात असला की ते कठोर राहतं, नसला की मृदू होतं. मृदू झालेला ‘स’ म्हणजे ‘झाड’मधल्या ‘झ’च्या जवळचा उच्चार, आणि इंग्रजीत पुढे त्याचाच ‘र’ झाला.

आता ‘वॉज’कडे येऊ. तो संस्कृत ‘वस्’ धातूचा, आपल्या वसणे आणि वस्तीचा, नातलग. ‘वस्’चं परोक्ष भूतकाळाचं एकवचन ‘उवास’. त्यात उदात्त धातूवर, ‘स’च्या लगेच आधी आहे. अनेकवचन ‘ऊषुः’. त्यात उदात्त प्रत्ययावर गेला. एकवचनात ‘स’च्या आधी आघात होता, म्हणून ‘वॉज’ला ‘र’ आला नाही. अनेकवचनात आघात पुढे सरकला, ‘स’ मृदू झाला आणि ‘वेअर’ तयार झालं. स्वादीयस्‌मध्येही उदात्त पहिल्या अक्षरावर असल्यानं ‘स’च्या आधीचं अक्षर अनुदात्तच राहतं, म्हणून तुलनेच्या प्रत्ययाच्या शेवटी ‘र’ आला. ‘-एस्ट’मध्ये मात्र ‘स’ला ‘ट’ चिकटून आहे. कठोर व्यंजनाच्या आधारानं तो टिकला. दोन वेगळ्या तक्त्यांतली रूपं अशी एकाच नियमानं घडली आहेत.

जर्मानिक भाषांतला तो जुना आघात ख्रिस्ती कालगणनेच्या आसपासच पहिल्या अक्षरावर स्थिरावला होता. लॅटिनचीही घडी बदलली होती. संस्कृतचा उदात्त मात्र पदपाठ, क्रमपाठ, जटा आणि घन अशा पठणपद्धतींतून जपला गेला. वाईला, साताऱ्याला, पुण्याला, कोकणातल्या घराघरांत मुलांकडून मान हलवत तो पक्का करून घेतला जाई. हे करणाऱ्यांना इंग्रजी क्रियापदांशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्यांनी जे राखलं त्याच्यावाचून व्हर्नरचा नियम इतक्या स्वच्छपणे दिसला नसता, असं मला ठामपणे वाटतं. शाळेत वेदपठणाबद्दल अभिमानानं बोलताना ही गोष्ट सांगितली जायला हवी.

प्रत्यय जुने झाले की त्यांचा जोर ओसरतो, आणि बोलणारे त्यावर दुसरा चढवतात. शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतम’ आहे, म्हणजे इष्ठवर आणखी तम. शेक्सपिअरनं ‘ज्यूलियस सीझर’मध्ये अँटनीच्या तोंडी एकाच विशेषणाला ‘मोस्ट’ आणि ‘-एस्ट’ दोन्ही घातले आहेत. त्या काळी ती चूक नव्हती, ठसका होता. १७६२ च्या व्याकरणात रॉबर्ट लाउथनं अशी दुहेरी रूपं अयोग्य ठरवली, आणि तेव्हापासून ‘मोअर बेटर’वर लाल पेन फिरतं.

मराठीनं दोन्ही जोड्या सोडून दिल्या. आपण ‘अपेक्षा’तून निघालेला ‘पेक्षा’ आणि ‘हून’ यांवर काम भागवतो, विशेषण जागचं हलत नाही. इंग्रजीनंही लांब विशेषणांपुरतं ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ लावून तेच केलं. लॅटिनचा तुलनेचा प्रत्यय मात्र आपल्याकडे उसना येऊन बसला आहे. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’ यांतला ‘-इअर’ हा ‘ईयस्’चाच भाऊ, आणि ‘ज्युनिअर’ म्हणजे संस्कृत ‘यवीयस्’, ज्याचं पुढचं रूप ‘यविष्ठ’ ऋग्वेदात अग्नीला लावलं आहे. ज्युनिअर कॉलेजला आपण कनिष्ठ महाविद्यालय म्हणतो, तेव्हा इंग्रजीतली तुलना मराठीत तम-भावात गेलेली असते.