मुलाखत

अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात माझा एक जुना मित्र आहे. अकोल्याहून रस्ता दोन तासांचा. पण 'जाऊन बोलायचं काय?' म्हणून मी मुलाखतीला जायचं टाळत होतो. परवा दीनबंधू अँड्र्यूज आठवले...

चार्ल्स अँड्र्यूज 1904 साली ख्रिस्ती मिशनरी म्हणून दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले. पुढे गांधीजी त्यांचे 'मोहन' झाले आणि ते गांधीजींचे 'चार्ली'. ऑगस्ट 1933 मध्ये गांधीजी येरवड्यात वर्षाची शिक्षा भोगत होते. अस्पृश्यता निवारणाचं काम तुरुंगातून करायला हवी तशी मोकळीक मिळेना, म्हणून 16 तारखेला त्यांनी उपवास धरला. प्रकृती ढासळली, ससूनला हलवलं. अँड्र्यूज त्यांना भेटत होते, सरकारकडे खेपा घालत होते. 23 तारखेला सुटका झाली. त्याच नोव्हेंबरात गांधीजींचा हरिजन दौरा आपल्या अमरावती-अकोल्यात आला.

कैद्याला भेटणं म्हणजे ख्रिस्ताला भेटणं, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात 25व्या अध्यायात आहे. संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं. कैदी दोषी की निर्दोष, हे तिथे विचारलेलं नाही. काय बोलावं, तेही सांगितलेलं नाही. फक्त जायचं.

मग गेलो. मधे जाळी. मला शब्द सुचेनात. तोच म्हणाला, "तुयं बीपी कसं हाये?"

निघताना म्हणाला, "तू आला, लय झालं."

पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.