जुन्या खोक्यातला नवा भाडेकरू

आमच्या घरात टीव्हीखाली एक धूड आहे. अंग काळ्या पत्र्याचे, तोंड चंदेरी, त्यावर सात बटणे आणि काट्यांची दोन मीटरे. 1984 साली अण्णांनी, म्हणजे आमच्या तीर्थरूपांनी, पगारवाढीची थकबाकी हातात पडली त्याच संध्याकाळी ते टॅक्सीत घालून घरी आणले. अण्णा जन्मात टॅक्सीत बसले ते दोनदाच. एकदा माझ्या जन्माच्या वेळी आणि एकदा या अ‍ॅम्प्लिफायरसाठी. पहिल्या खेपेला त्यांनी टॅक्सीवाल्याशी सुट्या पैशांवरून वाद घातला होता. दुसऱ्या खेपेला घातला नाही, असे आई अजून सांगते.

2006 च्या पावसाळ्यात त्या अ‍ॅम्प्लिफायरने 'फुस्स' असा एकच सुस्कारा टाकून प्राण सोडला. तेव्हापासून त्याच्या डोक्यावर मनीप्लँटची कुंडी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्याला बँकेत कारकून. त्यामुळे मृत माणसाला लोक हार घालतात तसा मृत वस्तूला मी घसारा घालतो. अण्णांनी सांगितलेली किंमत 2200 रुपये. दरसाल पंधरा टक्क्यांनी चाळीस वर्षे घसारा काढला तर पुस्तकी किंमत उरते 3 रुपये 31 पैसे. हा हिशेब मी हिला दाखवला. ही म्हणाली, "मग भंगारवाल्याला द्या, तो किलोवर घेतो. नफ्यात याल."

तेवढ्यात चिरंजीव मध्ये पडले. वय वर्षे सोळा. "बाबा, टाकू नका. आपण त्याच्या आत कॉम्प्युटर बसवू. सिनेमे, गाणी, फोटो, सगळं त्यातून. बाहेरून तोच डबा, आत नवीन मशीन."

कल्पना वाईट नव्हती. फक्त त्यासाठी अण्णांची परवानगी लागणार होती. माझा एक स्वभाव आहे. कुठलेही काम टाळायचे झाले की मी त्याचा इतिहास वाचायला घेतो. (बँकेत याला 'फाइल अभ्यासासाठी ठेवली' म्हणतात.) तेव्हा वाचकहो, अण्णांकडे जाण्यापूर्वी मी जे काही वाचले ते आता तुम्हालाही वाचावे लागणार आहे.

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती अशी, की घरातली माणसे यंत्राला यंत्र म्हणून कधी आत घेतच नाहीत. ग्रामोफोनचेच पाहा ना. त्याला तो भला थोरला भोंगा. आवाज त्यातूनच येणार, पण दिवाणखान्यात ठेवला की आल्यागेल्याच्या डोक्याला लागणार, त्याच्यावर धूळ बसणार. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने 1906 साली 'व्हिक्ट्रोला' नावाचे यंत्र काढले. त्यात भोंग्याला वळवून लाकडी कपाटाच्या पोटात खाली तोंड करून बसवला आणि पुढे छानशी दारे लावली. झाले! यंत्राचे फर्निचर झाले. आवाज कमी करायचा असेल तर दारे लोटून घ्यायची, मोठा हवा असेल तर सताड उघडायची. शेजाऱ्यांचा विचार करणारे आवाजाचे बटण माझ्या माहितीत हे एवढेच.

रेडिओची कथा निराळी नाही. मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. पुढे जे रेडिओ घराघरांत आले ते देव्हाऱ्यासारखी लाकडी पेटी, पुढे जाळीचे कापड आणि आत मंद दिवा असे रूप घेऊन. 1935 च्या सुमारास त्याला एक हिरवा 'जादूचा डोळा' फुटला. स्टेशन नीट लागले की तो मिटत येई. मध्यमवर्गीय माणसाने त्यावर भरतकामाचा रुमाल घातला, शेजारी लायसन्सचे पुस्तक ठेवले आणि दर वर्षी पोस्टात जाऊन पैसे भरले. हो, रेडिओ ऐकायला सरकारचे लायसन्स लागे, आणि ही भानगड थेट ऐंशीच्या दशकापर्यंत चालली. नंतर रेडिओ आणि ग्रामोफोन यांचे लग्न लागून रेडिओग्राम नावाचे जोडपे आले. ते इतके फर्निचर झाले होते, की काही घरांत पाहुणे त्यावर चहाचा कप ठेवीत आणि यजमानांचा जीव जाई.

आणि मग उलटे वारे सुटले. 1947 साली, इकडे आपण स्वातंत्र्याच्या गडबडीत असताना, तिकडे विल्यमसन नावाच्या इंजिनिअरने 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात एका अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापला. व्हॉल्व्ह कुठले, ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळायचा, सगळे उघड. ज्याला हात आहेत त्याने करावे. जगभरच्या हौशी लोकांनी ते खरोखरच केले. गृहिणींनी दाराआड ठेवलेले यंत्र या मंडळींनी बाहेर ओढले आणि उघड्यावर, तारा लोंबत्या ठेवून, टेबलावर मांडले. अमेरिकेतल्या हीथकिट कंपनीने तर सगळे सुटे भाग एका खोक्यात भरून विकायला सुरुवात केली. सोबत पुस्तिका, घरी बसा आणि कथलाचे डाग देत जोडा. माणूस गाणे ऐकण्यापेक्षा गाणे वाजवणारे यंत्र जोडण्यात जास्त रमतो, हा शोध तिथला. माझ्या मुलाची वंशावळ मी तिथपर्यंत नेऊन पोहोचवली आहे.

याच हीथकिटवाल्यांनी 1977 साली संगणकाचाही जुळणी-संच काढला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर जोडणारे हात आणि संगणक जोडणारे हात पुष्कळदा एकच होते. त्याच्या दोन वर्षे आधीची एक गोष्ट तर मला फारच आवडली. 1975 साली 'अल्टेअर' नावाचा घरगुती संगणक निघाला होता. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता, पुढच्या बाजूला नुसते खटके आणि दिवे. त्याचे करायचे काय, हे घेणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. कॅलिफोर्नियात स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या गृहस्थाच्या लक्षात आले, की या संगणकाजवळ रेडिओ ठेवला की तो खरखरतो. विजेच्या लहरी पेटीबाहेर गळत होत्या! दुसरा असता तर तक्रार करून मोकळा झाला असता. याने ती खरखर कुठल्या आज्ञेला कुठल्या सुरात येते ते मोजले, खटके वरखाली करून आज्ञा भरल्या आणि हौशी मंडळींच्या सभेत संगणकाकडून बीटल्सचे 'द फूल ऑन द हिल' वाजवून घेतले. आवाज कुठून आला? शेजारच्या रेडिओतून. घरगुती संगणकाने गळा काढला तो असा दुसऱ्याच्या तोंडून.

इथे माझी खात्री पटली, की संगणकाला रेडिओच्या पेटीत घालणे हे काही अतिक्रमण नव्हे. जुनी ओळख आहे.

पुढचा इतिहास आमच्या खात्यातला, म्हणून भराभर उरकतो. 1982 साली जपानात सीडी आली आणि गाणे म्हणजे आकडे झाले. एका सेकंदात 44,100 वेळा आवाजाची नोंद. डाव्या कानाची वेगळी, उजव्या कानाची वेगळी. मी दुहेरी नोंद पद्धत शिकलेला माणूस. पण आमच्या अख्ख्या शाखेने मार्चअखेरीस मिळूनही सेकंदाला एवढ्या नोंदी केल्याचे मला स्मरत नाही. तासाभराच्या गाण्याला सुमारे 635 मेगाबाइट जागा लागे. तेवढी जागा त्या वेळी कोणाच्या घरच्या संगणकात? मग हे आकडे चेपून बारीक करण्याची युक्ती निघाली, 1995 साली तिला 'एमपी थ्री' हे नाव मिळाले, आणि गाणी दाणे भरावीत तशी संगणकात भरता येऊ लागली.

2001 मध्ये सतरा सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा चौकोनी मदरबोर्डाची नवी जात आली. त्यानंतर लोकांना जे वेड लागले ते काय सांगावे! कोणी तो डब्यात बसवला, कोणी खेळण्यात, कोणी जुन्या रेडिओत. 2002 साली मायक्रोसॉफ्टने दिवाणखान्यासाठी विंडोजची खास आवृत्ती काढली. त्याच वर्षी काही हौशी पोरांनी 'एक्सबॉक्स' या खेळाच्या यंत्रावर सिनेमे चालवणारी एक आज्ञावली लिहिली. तीच आज 'कोडी' या नावाने फुकट मिळते. कंपन्यांनी तर संगणकाच्या अशा पेट्या काढल्या, की पाहणाऱ्याला अ‍ॅम्प्लिफायरच वाटावा. तीच रुंदी, तेच चंदेरी तोंड. 1906 साली यंत्राला कपाटाचा वेश दिला. शंभर वर्षांनी यंत्राला यंत्राचाच वेश दिला, कारण मधल्या काळात जुने यंत्र हेच घरातले फर्निचर झाले होते.

एवढा अभ्यास घेऊन मी अण्णांकडे गेलो. अण्णा आता ऐंशीचे आहेत आणि त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येते. स्टिरिओ त्यांच्यापुरता मोनो झाला आहे. मी व्हिक्ट्रोलापासून सुरुवात केली. विल्यमसनपर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, "तुला तो उघडायचाय, असंच ना?"

"हो."

"ट्रान्सफॉर्मर काढणार?"

"काढावा लागेल, अण्णा. सगळी जागा त्यानेच अडवलीय."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काढ. पण आवाजाचं बटण तेच ठेव. आणि उघडायच्या आधी मला बोलाव."

रविवारी उघडला. चिरंजिवांनी मोठ्या कपॅसिटरची वीज रेझिस्टर लावून उतरवली. सतरा-अठरा वर्षांनी कसली वीज, पण अण्णांनी ते करायलाच लावले. आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि अ‍ॅल्युमिनियमचे दातेरी हीटसिंक. निम्मे वजन त्यांचेच. ते बाहेर काढल्यावर अण्णांनी पेटी एका हाताने उचलून पाहिली आणि खाली ठेवली. काही बोलले नाहीत.

आणि तळाशी, पत्र्याला चिकटपट्टीने लावलेला, घडी घातलेला एक कागद निघाला. फ्यूजचा नंबर वगैरे असेल म्हणून मी उलगडला. ते बिल होते. रक्कम रुपये 3850 फक्त.

वाचकहो, एकदा आकडा दिसला की तो मोठ्याने वाचायची मला धंद्याची खोड आहे.

आई स्वयंपाकघरात होती. तिच्या दोन्ही कानांनी उत्तम ऐकू येते.

"किती?" ती दारात येऊन म्हणाली.

अण्णा डाव्या कानानेही बहिरे झाले.

"बावीसशे म्हणाला होतात. मी त्या वर्षी मिक्सर घेतला नाही. पाट्यावर वाटत होते."

मी मनातल्या मनात घसारा नव्याने काढला. पुस्तकी किंमत 3 रुपये 31 पैशांवरून 5 रुपये 78 पैशांवर गेली होती. पण हा हिशेब कुणाला दाखवायची ती वेळ नव्हती. बिल आईने घडी करून ब्लाउजमध्ये खोचले. ते पुढे कधी बाहेर येईल याची अण्णांना अजून धास्ती आहे.

बाकी काम तीन रविवार चालले. लॅमिंग्टन रोडला दोन खेपा झाल्या. ट्रान्सफॉर्मरच्या जागी मदरबोर्ड बसला, हीटसिंकच्या जागी तळहाताएवढे नव्या जातीचे अ‍ॅम्प्लिफायर-कार्ड. आवाजाचे बटण तेच. फिरवताना सुरुवातीला 'कट्ट' होते तेही तसेच. मीटरचे काटे चिरंजिवांनी पुन्हा हलते केले. खर्च सांगत नाही. बिल मी पेटीत चिकटवलेले नाही. माझा भाचा येऊन म्हणाला, "मामा, अंगठ्याएवढी स्टिक मिळते, टीव्हीच्या मागे खुपसायची. 2013 पासून मिळते." त्याला आम्ही चहा दिला नाही.

शुभारंभाला अण्णा स्पीकरच्या बरोबर मध्ये, थोडे उजवीकडे, म्हणजे डावा कान मध्यावर येईल असे बसले. 'कट्ट' झाले. काटे थरथरले आणि सनई सुरू झाली. अण्णांनी डोळे मिटले. आई उठून आत गेली. मला वाटले, मिक्सरची आठवण झाली. पण ती ट्रंकेतून 1984 सालचे क्रोशाचे आवरण घेऊन आली; पिवळे पडलेले, पण मापाला अजून तंतोतंत. तिने ते पेटीवर घातले, चारी कोपरे नीट ओढले आणि त्यावर मनीप्लँट ठेवला. गरम हवा बाहेर जायची सगळी भोके झाकली गेली. चिरंजीव काही बोलणार होते, मी त्यांना डोळ्यांनी दटावले.

वीस मिनिटांनी संगणक तापून आपोआप बंद पडला.

"तेव्हाही असाच पडायचा," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "वीस मिनिटंच चालायचा."