हयगयीने, अविचाराने, भरधाव

मराठी वृत्तपत्राचा कोणताही अंक उघडावा, त्यात 'भरधाव' हा शब्द भेटतोच. पोलिसांच्या फिर्यादीत तर तो एका ठरलेल्या मालिकेत येतो : 'आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून...'. साचेबद्ध भाषेचा नमुना म्हणून आम्ही हे वाक्य वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिले आहे आणि विद्यार्थी त्याला हसलेही आहेत. पुढे पुढे मात्र आम्हांला या साच्याचेच कुतूहल वाटू लागले. या तीन शब्दांपैकी पहिले दोन चालवणाऱ्याच्या मनाविषयी बोलतात, तिसरा वाहनाच्या गतीविषयी. मग शिक्षा होते ती कशाची, मनाची की गतीची?

भारतीय दंडसंहिता १८६० साली संमत झाली व १ जानेवारी १८६२पासून अंमलात आली. तिच्या कलम २७९मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे अथवा हयगयीने वाहन हाकणाऱ्यास किंवा स्वारी करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या होत्या. कार्ल बेंझची मोटार यायला अजून पाव शतक अवकाश होता. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते ते घोडे, टांगे आणि बैलगाड्या. म्हणूनच त्यात 'स्वारी' आहे आणि वेगाचा आकडा नाही. घोड्याला वेगमापक कुठून लावणार? 'भरधाव' हा आपला शब्दही त्याच जगातला. जुन्या गद्यात भरधाव सुटतो तो घोडाच. हयगयीने मृत्यू घडवण्याचे कलम ३०४-अ १८७० साली संहितेत घातले गेले. त्याची कमाल शिक्षा दोन वर्षे.

आकड्याचा कायदा आला तो इंग्लंडमध्ये. तिथल्या १८६५च्या कायद्याने यांत्रिक गाड्यांना गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल एवढीच मुभा दिली होती. जानेवारी १८९६मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ आपली मोटार ताशी ८ मैलांच्या वेगाने घेऊन निघाला. म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १३ किलोमीटर! पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठले. वेगमर्यादा मोडल्याबद्दल शिक्षा झालेला हा पहिला मोटारचालक मानला जातो. वेगापुरता दंड झाला एक शिलिंग. गोष्ट गमतीची वाटते खरी, पण प्रमाण पाहावे : मर्यादेच्या चौपट वेग. इथे अर्नोल्डचे मन कसे होते, तो बेफिकीर होता की सावध, हे कोणी विचारले नाही. आकडा ओलांडला, गुन्हा झाला.

पण आकडा सांगणार कोण? १९०३च्या इंग्लिश मोटार कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैलांपर्यंत वाढवली आणि त्याचबरोबर, एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर कोणालाही दोषी धरू नये, असे बंधन घातले. हेच बंधन आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३मध्ये आहे : एकाच साक्षीदाराचे मत पुरेसे नाही, ते यंत्राच्या मोजणीवर आधारलेले हवे. फिर्यादीतला 'भरधाव' हा शब्द या कलमापुढे एकटा टिकत नाही. या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला पूर्वी चारशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनासाठी तो एक ते दोन हजार झाला. मर्यादेहून दहा किलोमीटर जास्त आणि शंभर किलोमीटर जास्त, असा भेद हे कलम करत नाही. तो भेद करायचा तर पुन्हा मनाच्या कलमांकडे, धोकादायक वा बेदरकार चालवण्याकडे वळावे लागते.

आमच्या मते या प्रश्नाची खरी परीक्षा झाली ती मुंबईत. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. तिथे बांधकाम मजूर झोपले होते. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने कलम ३०४-अ लावून सहा महिन्यांची कैद दिली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी, २००७मध्ये, ते बदलून सदोष मनुष्यवधाचे कलम ३०४, भाग दोन लावले आणि तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. या भागाचा गाभा 'जाणीव' हा आहे : मारण्याचा हेतू नाही, पण या कृतीने माणसे मरू शकतात हे ठाऊक आहे. त्याची कमाल शिक्षा दहा वर्षे.

बचाव असा होता की, हयगय आणि जाणीव हे दोन आरोप एकमेकांना छेदतात. युक्तिवाद भाषिकदृष्ट्या आकर्षक आहे. ज्याला कळत होते तो बेसावध कसा? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२मध्ये तो नाकारला. मद्याच्या अंमलाखाली, अशा वेगाने गाडी चालवणाऱ्याला परिणाम ठाऊक असतो आणि तरीही तो पर्वा करत नाही. 'बेदरकार' या शब्दाची फोड केली तर वेगळे काय निघते? दरकार नसणे म्हणजे न कळणे नव्हे. तीन वर्षांची शिक्षा अपुरी असल्याचे न्यायालयानेच नमूद केले. ती वाढवली मात्र नाही, कारण राज्य शासनाने वाढीसाठी अपीलच केले नव्हते. या निकालातली ही जागा आम्हांला आजही सर्वांत अधिक बोचते. सात माणसांच्या मृत्यूसाठी शब्द योग्य सापडला, आणि मागणी करणारे कोणी नव्हते.

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका आलिशान मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. चालवणारा अल्पवयीन होता. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला, त्याच्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. निबंध हा आमच्या पोटापाण्याचा विषय, त्यामुळे त्या दिवसांत आम्हांला टोमणे पुष्कळ ऐकावे लागले. पुढे मंडळाने आपला आदेश बदलला आणि पोलिसांनीही ३०४-अ वरून ३०४कडे मोर्चा वळवला. म्हणजे पुन्हा तोच प्रवास, हयगयीपासून जाणिवेपर्यंत.

त्याच वर्षी १ जुलैला भारतीय न्याय संहिता लागू झाली. हयगयीने होणाऱ्या मृत्यूची कमाल शिक्षा दोनाची पाच वर्षे झाली. जुने कलम २७९ आता २८१ झाले. महिन्याभरात कर्नाटक पोलिसांनी जाहीर केले, की १ ऑगस्टपासून ताशी १३० किलोमीटरच्या वर गाडी नेणाऱ्यावर याच कलमाखाली गुन्हा नोंदवला जाईल. घोड्यासाठी लिहिलेल्या कलमाला अखेर एक आकडा चिकटला, तोही विधिमंडळाकडून नव्हे, पोलिसांकडून. एवढा वेग हाच बेदरकारीचा पुरावा, असा त्याचा अर्थ. कलमातला दंड मात्र १८६० साली हजार रुपयांपर्यंत होता, नव्या संहितेतही तो हजार रुपयांपर्यंतच आहे.