दहा माणसे आणि एक चित्रपट

आमचे गाव आणे. जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाला, घाट चढून गेले की लागणारे पठार. पौषात रंगदासस्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरीचा प्रसाद घ्यायला हजारो माणसे येतात. त्या दिवसांत दारात आलेल्या माणसाला कोण, कुठला, असे कुणी विचारत नाही.

‘माफीचा साक्षीदार’ हा राजदत्त यांचा चित्रपट आला 1986 साली. मी तो नंतर बेल्ह्याला, तंबूत पाहिला. शेजारी चुलते बसले होते. पडद्यावर नाना पाटेकर आले की पोरे शिट्ट्या मारीत. मध्यंतराला चुलते उठले आणि म्हणाले, ‘‘तू बघ. मला नाही बघवत.’’

चुलते 1976 साली पुण्यात मंडईत हमाली करीत. आणीबाणीचे दिवस होते. त्या वर्षीच्या जानेवारीपासून 1977 च्या मार्चपर्यंत पुण्यात दहा खून झाले. पहिला बळी हेगडे नावाचा तरुण. मारेकरी त्याच्या ओळखीचे, अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. 31 ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघे गेले. 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात संस्कृतचे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जण. शेवटचा गोखले नावाचा तरुण, 23 मार्च 1977 रोजी.

पुणे तेव्हा दिवेलागणीलाच दारे लावून घेऊ लागले. चुलते सांगत, ‘‘रात्री खोलीवर परतताना आपल्याच पावलांचा आवाज नकोसा व्हायचा.’’ भीतीचे कारण नुसते खून नव्हते. कुलूप तोडून कुणी आत शिरले नव्हते. बेल वाजली म्हणून घरच्यांनी दार उघडले होते. हेगडेला तर मित्रानेच हाक मारली होती. माणूस ज्या विश्वासावर गावात आणि शहरात राहतो, त्याच्याच गळ्याला नायलॉनची दोरी लागली होती.

गोखले यांचा मृतदेह नदीत सापडला आणि तपासाची गाठ सुटत गेली. मार्चअखेर अटका झाल्या. टोळीतला एक जण माफीचा साक्षीदार झाला. कायद्यात याची सोय आहे. गुन्ह्यात सामील असलेल्याने सारे खरे आणि पुरते सांगायचे, या अटीवर न्यायालय त्याला माफी देते. मात्र त्याच्या एकट्याच्या शब्दावर न्यायालये सहसा विसंबत नाहीत. इतर पुराव्याचा दुजोरा शोधतात. सप्टेंबर 1978 मध्ये सत्र न्यायालयाने राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा यांना फाशी सुनावली. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांनी ती कायम केली. 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली.

चित्रपटाचे नाव त्या सुटलेल्या माणसाच्या भूमिकेवरून ठेवले, हे मला आजही अर्थपूर्ण वाटते. बंद दाराआड काय झाले ते सांगणारा हवा, तर आत असलेल्यांपैकीच एकाला सोडावे लागते. न्यायाला मोजावी लागलेली ही किंमत आहे. पण पडद्याची आणखी एक अडचण आहे. मारणारा बोलतो, हसतो, चिडतो. मरणारे दोन-चार प्रसंगांत संपतात. शिट्ट्या कुणाला मिळणार, हे मग ठरूनच जाते. शहाने तुरुंगात लिहिलेली आत्मकथा वाचली गेली. पुढे अनुराग कश्यप यांनी याच घटनांच्या छायेत ‘पाँच’ काढला. तो अनेक वर्षे प्रदर्शनावाचून पडून राहिला. मारेकऱ्यांची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली.

त्या रात्री बेल्ह्याहून परतताना चुलत्यांनी मला विचारले, ‘‘खटल्याला जोशी-अभ्यंकर म्हणत्यात. त्या बंगल्यात कामाला होती ती बाई बी गेली. तिचं नाव कुठं हाय?’’

मला उत्तर देता आले नाही. पाचांत ती होती. हेगडे आणि गोखले ही नावेसुद्धा खटल्याच्या नावात नाहीत. चौघा मारेकऱ्यांची नावे मात्र मी तुम्हांला आत्ता न अडखळता सांगितली.

असे चित्रपट पाहू नयेत, असे मी म्हणणार नाही. माणूस कुठवर घसरू शकतो, हे कळायला हवे. पण पाहून उठताना मोजणी मारेकऱ्यांपाशी थांबवू नये. ती दहापर्यंत न्यावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)