पाय कापण्यापूर्वी

पायाच्या धमनीत चरबीचे थर साचत गेले की तिचा पोकळ मार्ग अरुंद होतो. सुरुवातीला चालताना पोटऱ्या दुखतात. पुढे बसल्या जागीही वेदना होतात, जखमा भरत नाहीत आणि शेवटी बोटे काळी पडतात. यालाच आपण गँगरीन म्हणतो. अशा पायावर शतकानुशतके एकच उपाय होता : तो कापणे.

१५५२ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक आम्ब्रोआझ पारे याने पाय कापल्यावर रक्तवाहिन्या डागण्याऐवजी दोऱ्याने बांधल्या. १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये लिस्टरची जंतुनाशक पद्धत. शस्त्रक्रिया सुसह्य झाली, पण पाय जायचा तो जायचाच.

येथे थोडे भौतिकशास्त्र आठवू. दाब तोच राहिला तर नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात कमीजास्त होतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह एक सोळांश उरतो. हा नियम मांडणारा प्वाझय मुळात वैद्यक शिकलेला होता. धमनी काही काचेची सरळ नळी नव्हे. तरीही एक गोष्ट आपल्या लक्षात येते. अरुंद जागा थोडी रुंद केली तरी बरेच साधते.

१९४८ मध्ये झाँ कुनलँ याने पॅरिसमध्ये रोग्याचीच शीर जोडून अडथळ्याला वळसा दिला. मात्र ही शस्त्रक्रिया मोठी होती. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे ८२ वर्षांची एक स्त्री चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाकडे आली. पायाला गँगरीन झाले होते. डॉक्टर पाय कापायला सांगत होते, ती नकार देत होती. डॉटर यांनी मांडीच्या धमनीतील अरुंद जागेतून बारीक तार सरकवली आणि तिच्यावरून क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या घातल्या. पाऊल उबदार झाले, जखम भरली. ती स्त्री अखेरपर्यंत स्वतःच्या पायांवर चालली.

१९७४ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नळ्यांच्या जागी छोटा फुगा वापरला. १९७७ मध्ये तोच हृदयाच्या धमनीत पोहोचला.

ऊती मेलेली असेल किंवा जंतुसंसर्ग पसरत असेल, तर आजही पाय कापावा लागतो. मधुमेह आणि तंबाखू ही या रोगाची दोन मोठी कारणे आहेत. पण आता आधी धमन्यांची प्रतिमा घेऊन रक्त पुन्हा पोहोचवता येईल का, हे तपासता येते. वर्गात चतुर्थ घात शिकवताना ही हकिकत जरूर सांगावी.